आजींच्या उशीपासून 7 फुटांवर: एका शाळकरी कॉम्प्युटरचं प्रकरण

2024 च्या जूनमध्ये ताईची भिशी लागली. भाची नुकतीच दहावीत गेली होती, भाचा सहावीत. 35,000 रुपये हातात आले आणि पोरांना कॉम्प्युटर घ्यायचा असं घरात ठरलं. मी 12 वर्षं कोल्हापूरच्या राजारामपुरीत कॉम्प्युटर जोडण्या-दुरुस्तीचं काम करतो, तेव्हा हे काम माझ्याकडे येणार हे उघडच होतं. ताईनं फोनवर रक्कम सांगितली. मागून दाजी म्हणाले, "आवाज तेवढा नको म्हणावं. आईची झोप मोडती."

या एका वाक्यावर पुढची सगळी खरेदी ठरली, म्हणून हे प्रकरण नीट लिहून ठेवतोय. स्वस्त कॉम्प्युटर कसा जोडावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. शांत कॉम्प्युटर म्हटलं की मात्र लोक लगेच महागडे पंखे आणि पाण्यावर चालणारे कूलर यांच्या मागे लागतात. शाळेच्या अभ्यासाचं मशीन शांत करायला त्यातलं काहीच लागत नाही. आवाज नेमका कुठून येतो ते आधी शोधावं लागतं, आणि ते शोधण्यात आमच्या दाजींचा वाटा माझ्याहून मोठा आहे.

घर आणि गरज

ताईचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या बाजूला. जुनं बांधकाम, दोन खोल्या, वर माळा. पुढच्या खोलीत खिडकीशी पोरांचं टेबल आणि समोरच्या भिंतीला लागून आजींची, म्हणजे दाजींच्या आईंची कॉट. टेबलापासून त्यांच्या उशीपर्यंत टेप लावला तर 7 फूट भरले. आजी साडेनऊला आडव्या होतात. झोप इतकी हलकी की पहाटे नळाला पाणी आलं की पहिल्यांदा त्यांनाच कळतं. भाची अकरा-साडेअकरापर्यंत बसते. मशीन गुणगुणत राहिलं तर दोघींपैकी एकीला माघार घ्यावी लागणार आणि ती भाचीच घेणार, कारण तिचा आजीवर फार जीव. म्हणजे दहावीच्या वर्षात रोजचे दोन तास गेले.

कामं साधी होती. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, शिकवणीचे व्हिडिओ, प्रकल्पांचं टायपिंग, गणितासाठी जिओजेब्रा, भाच्याला प्रोग्रॅमिंग शिकायला स्क्रॅच. पुढं अकरावी-बारावीला आयटी विषय घेतला तर एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी. यातलं एकही काम जड नाही. खरा भार ब्राउझरचा असतो, कारण पोरं एकदा उघडलेला टॅब बंद करत नाहीत.

आणखी एक गोष्ट नदीकाठी राहणाऱ्यालाच सुचते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पूर आला तेव्हा ताईनं टीव्ही, शिलाई मशीन, धान्याचे डबे सगळं माळ्यावर चढवलं होतं. तेव्हा कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबाही, तिला एकटीला उचलून शिडीवरून वर देता येईल एवढं हलकं हवं. काचेच्या बाजूचं भलंमोठं कॅबिनेट तिथंच बाद झालं.

लॅपटॉप का नको, हेही बोलणं झालं. या पैशात येणाऱ्या लॅपटॉपचा पंखा लहान असतो आणि भार आला की चिरक्या आवाजात ओरडतो. दोन पोरांनी मान खाली घालून आळीपाळीनं वापरायचा, आणि वॉरंटी संपल्यावर आतला मुख्य बोर्ड (मदरबोर्ड) गेला तर सगळंच गेलं. डेस्कटॉपमध्ये जो भाग बिघडेल तेवढाच बदलता येतो.

डिसमिस कानाला

मी जाण्याआधी एक जुना डेस्कटॉप घरात येऊन बसला होता. दाजींच्या ओळखीतल्या एकानं 11,000 ला देऊ केलेला, ऑफिसातून निघालेला, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा. तीन दिवस वापरून बघा म्हणाला होता. दुसऱ्याच रात्री आजी उठून बसल्या होत्या.

दाजी उद्यमनगरात लेथवर काम करतात, वीस वर्षं झाली. मी पोचलो तेव्हा ते त्या मशीनपुढं उकिडवे बसले होते. लांब दांड्याच्या डिसमिसचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकवलेलं आणि मूठ कानाला लावलेली. लेथचं बेअरिंग तपासायची ही त्यांची रोजची रीत. टोक एकेका जागी सरकवत ते मला सांगत होते. "ह्यो बेअरिंगचा. ह्यो पत्र्याचा. आणि ह्यो मागचा नुसता वाऱ्याचा."

इतकी वर्षं मी मशीन 'आवाज करतंय' एवढंच म्हणत आलो होतो. त्या दिवशी आवाजाची जात कळली. बेअरिंगचा आवाज पंख्याचा किंवा हार्ड डिस्कचा. वाऱ्याचा आवाज पंख्याच्या वेगाचा. पत्र्याचा आवाज स्वतःचा नसतोच, दुसऱ्या कुणाचं तरी कंपन पत्रा मोठ्यानं सांगत असतो. तिन्हींवर इलाज वेगळे. पैसे लागतात ते पहिल्या दोघांना, तिसऱ्याला फक्त हात लावून बघावं लागतं.

ते जुनं मशीन परत गेलं. आवाज हे एक कारण. दुसरं असं की विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं चालतं आणि विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार होते. जुन्या मशीनला माझा विरोध नाही. आठव्या पिढीच्या पुढचं, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी चिपवर माहिती साठवणारा भाग) घातलेलं ऑफिसचं मशीन तंग बजेटमध्ये चांगलं पडतं आणि तशी मी बऱ्याच घरांत दिली आहेत. फक्त त्यातले एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारं युनिट) आणि बोर्ड अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. ते गेले की बाजारातला साधा भाग बसत नाही. ताईकडं पैसे होते, तेव्हा नवीनच जोडायचं ठरलं.

काय घेतलं, काय नाकारलं

प्रोसेसर इंटेलचा आय3-12100. चार कोर (काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), मूळ 60 वॅटचा, जोर लावला तर 89 वॅटपर्यंत जाणारा. ब्राउझरला जो झटपटपणा लागतो तो यात आहे आणि ग्राफिक्स आतच आहेत. दुकानात याच्या शेजारी नावापुढं 'एफ' असलेला भाऊ स्वस्तात दाखवतात. 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. मॉनिटरवर चित्र यायचं तर वेगळं कार्ड घ्यायला लागतं, आणि स्वस्त कार्डाच्या डोक्यावर बहुतेक वेळा एक चिमुकला पंखा असतो. वर्षभरात त्याचं बेअरिंग घासायला लागतं. वाचवलेले पैसे कार्डात जातात आणि वर आवाज पदरात पडतो. अभ्यासाच्या मशीनला वेगळं कार्ड नको, हे मी हात जोडून सांगतो.

हार्ड डिस्कही नको. तिच्यात मिनिटाला 5,400 किंवा 7,200 फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात आणि रात्रीच्या शांततेत ऐकू येते ती त्यांचीच कुरकुर. 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली. तिच्यात हलणारा भागच नाही, बोर्डावर एका स्क्रूनं बसते. एच610 चिपसेटचा बोर्ड, रॅमच्या (चालू कामाच्या मेमरीच्या) दोन जागा, त्यातल्या एकीत 8 जीबी. दुसरी जागा पुढं भरू म्हणालो. त्याबद्दल शेवटी सांगतो.

खरी हुज्जत झाली एसएमपीएसवरून. स्वस्त कॅबिनेटबरोबर जो येतो त्यावर 450 वॅटचं लेबल असतं. मी तो हातात घेऊन नुसतं वजन बघतो. हलका लागला की कळतं, आत तांबं आणि लोखंड कमी आहे. त्याचा पंखा 80 मिलिमीटरचा, आणि तो सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत एकाच वेगानं पळतो. त्याऐवजी 80 प्लस ब्राँझ दर्जाचा 450 वॅटचा घेतला. ब्राँझ म्हणजे निम्म्या भाराला 85 टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते, उरलेल्याची उष्णता होते. उष्णता कमी म्हणून पंखा सावकाश, आणि तो 120 मिलिमीटरचा. आमचं मशीन व्हिडिओ बघताना जेमतेम 30 वॅट ओढतं, त्यामुळं एवढ्या मोठ्या एसएमपीएसला ते काम म्हणजे बसल्या जागी दम खाण्यासारखं. दुकानदार म्हणाला 250 चा तरी चालेल. चालेलही, पण चांगल्या प्रतीचा तेवढा लहान एसएमपीएस कोल्हापुरात सहज मिळत नाही.

कॅबिनेट दाखवताना पोरांचा जीव इंद्रधनुषी दिव्यांच्या तीन पंख्यांवर गेला. भाच्याचं तोंड उतरलेलं मला अजून आठवतं. पण तसले पंखे बऱ्याचदा थेट एसएमपीएसच्या तारेवर जोडलेले असतात, 12 व्होल्टवर कायम पूर्ण वेगात. बोर्डाला त्यांचा वेग कमी करताच येत नाही. आम्ही साधं, जाळीच्या तोंडाचं लहान कॅबिनेट घेतलं आणि मागं एकच 120 मिलिमीटरचा चार पिनांचा पंखा लावला, बोर्डाच्या ताब्यात राहणारा.

इथं आवाजाचं थोडं गणित सांगायला हवं, कारण त्यात बहुतेक जण फसतात. सारख्या आवाजाचे दोन पंखे असतील आणि एक बंद केला, तर आवाज फक्त 3 डेसिबलनं उतरतो. कानाला तो फरक जेमतेम कळतो. पण त्याच पंख्याचा वेग निम्मा केला, तर साधारण 15 डेसिबल उतरतात. म्हणून पंखे काढत बसण्यापेक्षा आहे तो सावकाश फिरवायचा. आणि पात्याचा घेर मोठा असेल तरच सावकाश फिरूनही पुरेशी हवा जाते. आणखी एक: सगळ्यात मोठा आवाज जिवंत असेपर्यंत बाकीचे बंद करून काही हाती लागत नाही. दाजी म्हणाले, पॉवर प्रेस सुरू असताना लेथला तेल घालून काय उपयोग. तसंच आहे.

पत्रा बोलतोय

एका रविवारी दुपारी ताईच्या घरी जोडणी केली. भाचीनं स्वतःच्या हातानं प्रोसेसर बसवला. त्रिकोणाची खूण जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही; मग पट्टी खाली घेताना कर्र असा आवाज येतो तेव्हा तिनं दचकून माझ्याकडं पाहिलं. तो आवाज यायचाच असतो. संध्याकाळी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, कारण विंडोजचं लायसन्स बजेटात बसत नव्हतं. टायपिंगला लिब्रेऑफिस आणि इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड सुरू करून दिला. दोन दिवसांत ती त्यावर रुळली.

रात्री आजी झोपल्यावर परीक्षा. मोबाइलच्या ॲपनं डेसिबल मोजायच्या भानगडीत मी पडत नाही, इतक्या हलक्या आवाजाला मोबाइलचा माइक भरवशाचा नसतो. माझी कसोटी साधी आहे. छताचा पंखा बंद करायचा, उशीच्या बाजूला जमिनीवर बसायचं आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते का बघायचं. छताचा पंखा बंद करणं महत्त्वाचं. मे महिन्यात त्याच्या घरघरीखाली कुठलाही कॉम्प्युटर शांतच वाटतो. डिसेंबरात पंखा बंद होतो आणि मग भांडं फुटतं.

टिकटिक ऐकू आली नाही. बारीक, एकसुरी 'घूं' येत होती. मी मागचा पंखा बोटानं थांबवून पाहिला, फरक पडला नाही. प्रोसेसरच्या कूलरवर संशय घेतला. दाजींनी काही न बोलता कॅबिनेटच्या डाव्या बाजूवर तळवा ठेवला आणि आवाज गेला. हात काढला, परत आला. "पत्रा बोलतोय," ते म्हणाले. बाजूचं झाकण पातळ, कडेला खाचेत सैल बसलेलं. टेबलही पत्र्याचं, त्यामुळं कॅबिनेट जे थरथरत होतं ते टेबल पुन्हा वाढवून सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून रबराच्या पट्ट्या आणल्या, मशीनखाली घालतात त्यातल्या उरलेल्या. झाकणाच्या खाचेत बारीक पट्टी चिकटवली, स्क्रू आवळले. कॅबिनेट टेबलावरून उतरवून लाकडी पाटावर ठेवलं, पाटाखाली चार कोपऱ्यांना रबराचे चार तुकडे. खर्च शून्य. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त गुण आला तो याच इलाजाला. पाट जमिनीवर नाही, दीड फुटाच्या दगडी कट्ट्यावर आहे. त्यामुळं झाडू मारताना धूळ थेट आत जात नाही.

एक त्रास उरला होता. ब्राउझर उघडला की कूलरचा पंखा क्षणभर वर चढायचा, लगेच उतरायचा. झोपलेल्या माणसाला एकसारखा बारीक आवाज जेवढा त्रास देत नाही तेवढा हा वर-खाली होणारा देतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन पंख्याचा आलेख बदलला: 60 अंशांपर्यंत 30 टक्के वेग, तिथून सावकाश चढत 85 ला पूर्ण. वेग बदलायला काही सेकंदांचा उशीरही घातला. या प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 अंशांची आहे, त्यामुळं 60-65 ला घाबरायचं कारण नसतं. टर्बोची, म्हणजे प्रोसेसरनं जोर लावायची, मर्यादा 89 वरून 60 वॅटवर आणली. पीडीएफ वाचणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही. पुढच्या मे महिन्यात भर दुपारी व्हिडिओ चालू असताना पाहिलं तर आकडा 55 च्या आसपास होता.

त्या रात्री टिकटिक ऐकू आली. मग कळलं की आता घरातलं सगळ्यात मोठं वाजणारं मशीन कीबोर्ड आहे. रबरी घुमटीचा साधा कीबोर्डच घेतला होता, तरी पत्र्याच्या टेबलावर तो ठकठक करायचा. ताईनं फाटक्या वाकळेचा तुकडा चौपदरी शिवून त्याखाली घातला.

वीज, आणि माझी चूक

जोडणी करतानाच भाचा म्हणाला, मामा, डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला, लागला. एसएमपीएसच्या तोंडाशी जे फिल्टर असतं त्यातले कॅपॅसिटर थोडी वीज पत्र्यावर सोडतात आणि ती अर्थिंगमधून जमिनीत जावी अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर सुमारे 115 व्होल्ट राहतात. प्रवाह अगदी थोडा, पण ओल्या हातानं, अनवाणी पोरानं तो का सोसावा? जुन्या घराच्या त्या प्लगमध्ये तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. वायरमन बोलावून मीटरपासून अर्थिंगची वायर ओढून घेतली. जुन्या पेठांतल्या घरांत कॉम्प्युटर बसवणाऱ्यांनी हे आधी तपासावं. मी सगळ्यात शेवटी तपासलं, तेही पोरानं सांगितल्यावर.

दुसरी चूक यूपीएसची, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर मशीन चालू ठेवणाऱ्या डब्याची. जुलैत एका पावसाच्या रात्री साडेदहाला लाइट गेली. मशीन बंद पडलं नाही, भाचीनं फाइल जतन केली, सगळं ठरल्याप्रमाणं. फक्त यूपीएस दर काही सेकंदांनी टूं-टूं करत ओरडत होता. आजी काठी शोधत उठल्या, त्यांना वाटलं गॅसचं काहीतरी झालं. पत्र्याची गुणगुण शोधणाऱ्या मला हा भोंगा सुचलाच नव्हता. त्या यूपीएसला आवाज बंद करायची सोयच नव्हती. तो 300 रुपये वर घालून बदलला. आता आहे त्याचं बटण लाइट गेल्यावर एकदा हलकं दाबलं की तो गप्प होतो. घेताना दुकानातच प्लग काढून हे करून बघा.

हिशेब त्या वेळच्या भावानं असा: प्रोसेसर 9,400, बोर्ड 6,100, रॅम 1,700, एसएसडी 3,100, एसएमपीएस 2,900, कॅबिनेट 2,100, पंखा 550, 22 इंची मॉनिटर 6,700, कीबोर्ड-माउस 850, यूपीएस बदलीसकट 2,700, अर्थिंग 700. एकूण 36,800. भिशीच्या वरचे 1,800 दाजींनी ओव्हरटाइममधून घातले. यातले शांततेसाठी म्हणून वेगळे गेले ते एसएमपीएसमधल्या फरकाचे दीडेक हजार, पंख्याचे 550 आणि यूपीएस बदलीचे 300, बस.

दीड वर्षानंतर

भाची आता अकरावीत आहे, आयटी घेतलंय. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आवराआवरीत आणि पावसाळ्याआधी, दाजी झाकण काढून रंगाच्या मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं धूळ काढतात. पात्यांना बोट लावून धरतात, म्हणजे ब्लोअरच्या हवेनं पंखा उलटा गरगरत नाही. मागच्या डिसेंबरात मी मुद्दाम रात्री गेलो, छताचा पंखा बंद होता, घड्याळ ऐकू येत होतं. बेअरिंग अजून चांगलं आहे, दाजींनी डिसमिस लावून पाहिलंय.

राहिली ती रॅमची दुसरी जागा. 8 जीबीत भाचीचं ब्राउझर, आयटीच्या सरावाचा लोकल सर्व्हर आणि व्हिडिओ एकत्र चालले की मशीन अडखळतं. शिवाय आतल्या ग्राफिक्सला दोन रॅम असल्या की मेमरीची वाट दुप्पट रुंद मिळते. 2024 मध्ये ती पट्टी 1,700 ला होती आणि मी पुढच्या वर्षी घेऊ म्हणालो, कारण रॅम स्वस्तच होत जाते असा माझा इतक्या वर्षांचा अंदाज. 2025 च्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांकडं मेमरीचा माल वळला, भाव चढले आणि तीच पट्टी दुपटीच्या पुढं गेली. रंगीत पंख्यांना नाही म्हणालो त्याच दिवशी ती घालून टाकायला हवी होती. आता माझ्याकडं बंद पडलेल्या मशीनमधून चांगली 8 जीबीची निघाली की ती ताईकडं जायची आहे. भाचीला तसं सांगितलंय, आणि ती दर रविवारी फोन करून विचारते.